गुडघेदुखीची गोळी, बीपीची गोळी आणि सोलापूरचा उन्हाळा

विडीघरकुल

नमस्कार मंडळी. आमच्या अम्माचं वय ६४. सगळं आयुष्य जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलं. आता दोन्ही गुडघे धरलेत. जिना उतरताना भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सिव्हिलमध्ये एक्स-रे काढला, झीज आहे म्हणाले, थोड्या दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या संपल्या तशी ती चौकातल्या मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवून नवीन आणायला लागली. आता रोजचंच झालंय. गोळी घेतली की स्वयंपाक-पाणी उरकते, नाही घेतली तर उठवत नाही.

शेजारच्या अक्का म्हणतात, रोज गोळी खाल्ली की किडनी जाते. मेडिकलवाला म्हणतो, सोबत ॲसिडिटीची गोळी देतोय, काही होत नाही. यातलं खरं कोणाचं? गोळी बंद कर म्हटलं तर ती ऐकायची नाही आणि तिचं कण्हणं मला बघवत नाही. जाणकारांनी नीट सांगा.

जुळे_सोलापूरकर

माझे वडील कित्येक वर्षं दुखलं की गोळी घेतात, त्यांना काही झालेलं नाही. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. उगीच घाबरवून म्हाताऱ्या माणसाची गोळी काढून घेऊ नका. दुखणं सहन करत बसणं हाही छळच आहे.

सातरस्ता_फिजिशियन

दादा, दुखणं सहन करत बसू नये हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण एकाला काही झालं नाही म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं नसतं.

विडीघरकुल, मी फिजिशियन आहे. न तपासता इथं उपचार सांगणार नाही. पण गोळी काय करते ते सांगतो, म्हणजे अक्का आणि मेडिकलवाला दोघांचं बोलणं कुठं बसतं ते कळेल.

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. सांध्यात सूज आणि वेदना वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य शरीरात तयार होतं, ते बनणं या गोळ्या कमी करतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं अशी काम करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडचण अशी की हेच द्रव्य जठराचं अस्तर सांभाळतं आणि मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतं. गोळीला गुडघा तेवढा वेगळा काढता येत नाही. ती सगळीकडेच ते कमी करते.

पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी जठराला खरंच वाचवते, विशेषतः साठीनंतर. मूत्रपिंडाला किंवा हृदयाला तिचा काही उपयोग नाही. म्हणजे मेडिकलवाल्याचं म्हणणं पोटापुरतं खरं आहे.

आता एक काम करा. अम्मा ज्या ज्या गोळ्या घेते, सगळ्या, बीपी-शुगरच्यासुद्धा, त्यांच्या पाकिटामागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते इथं टाका. नाव नको, घटक हवेत.

विडीघरकुल

डॉक्टर, अम्माचा स्टीलचा डबा उघडून सगळं लिहून काढलं. काही पाकिटं अशी कापलेली आहेत की नाव अर्धंच राहिलंय, मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचलं.

१. असिक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५. सकाळ-संध्याकाळ.
२. आयब्युप्रोफेन ४०० + पॅरासिटामॉल ३२५. ही "डोकेदुखीची" म्हणून वेगळी ठेवलीय. उन्हातनं आली की घेते.
३. टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. बीपीची, रोज सकाळी.
४. पँटोप्राझोल ४०. ही जेवणानंतर घेते.

सातरस्ता_फिजिशियन

तुम्ही फार मोलाचं काम केलंत. आता शांतपणे वाचा.

पहिली आणि दुसरी गोळी एकाच जातीची आहे. अम्माला वाटतं एक गुडघ्याची, एक डोक्याची. शरीराच्या दृष्टीनं तिनं एकाच औषधाचा डोस वाढवलाय. या दोन कधीही एकत्र घ्यायच्या नसतात. त्यानं वेदना दुप्पट कमी होत नाही, अल्सरचा धोका मात्र वाढतो. उन्हातनं आल्यावर डोकं दुखलं तर आधी पाणी, सावली आणि लागलीच तर नुसती पॅरासिटामॉल. तीही मोजून, कारण पहिल्या गोळीत ती आहेच.

खरी काळजी तिसऱ्या गोळीची आहे. गोळी वाईट नाही, बीपीसाठी चांगली आहे, पण शेजार वाईट आहे. मूत्रपिंड गाळणीसारखं काम करतं आणि गाळायला दाब लागतो. आपल्याकडं नळाला कमी दाबानं पाणी आलं की वरच्या मजल्यावर चढत नाही, तसं. टेल्मिसार्टन गाळणीतनं बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं, त्यानं आतला दाब जरा उतरतो. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं. एवढं मूत्रपिंड एरवी सांभाळून घेतं, कारण आत येणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर उघडी असते. वेदनाशामक गोळी नेमका तोच जोर काढून घेते. तिन्ही बाजूंनी कोंडी होते.

त्यात आपला एप्रिल-मे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे, पत्र्याचं घर, दिवसभर घाम. पाणी रोज येत नाही म्हणून जपून प्यायचं. दर उन्हाळ्यात मी असे रुग्ण बघतो. पाय सुजलेले, लघवी कमी, मळमळ, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं. बहुतेकांचं वेळेत लक्षात आलं तर गोळी थांबवून, पाणी देऊन पुन्हा खाली येतं. उशीर झाला तर सांगता येत नाही.

म्हणून: आयब्युप्रोफेनची गोळी आजपासून डब्यातनं बाहेर. असिक्लोफेनॅक थांबवून या आठवड्यात क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करून घ्या आणि बीपी देणाऱ्या डॉक्टरांना चारही पाकिटं दाखवा. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. पँटोप्राझोल सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो.

शी डांबरासारखी काळी झाली किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर कुणाला विचारत बसू नका, थेट सिव्हिलचा अपघात विभाग गाठा. दर वेळी आधी पोट दुखतंच असं नाही. वेदनाशामक गोळीनं पोटाची वेदनाही झाकलेली असू शकते.

नवीपेठ_मेडिकल

काउंटरच्या या बाजूनं लिहितो. लोक नाव मागतात, घटक कुणी मागत नाही. असिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची कितीतरी कंपन्यांची नावं आहेत. एका डॉक्टरांनी एका नावानं लिहिलेली, दुसऱ्यांनी दुसऱ्या नावानं लिहिलेली, आणि पेशंट दोन्ही घेतोय हे मी आठवड्याला बघतो. नावापुढं एसपी, एमआर अशी अक्षरं असतात, त्यात आणखी घटक मिसळलेले असतात. लोकांना वाटतं जास्त अक्षरं म्हणजे जास्त पॉवरफुल.

माझी एवढीच विनंती. दुकानात आलात की आई-वडिलांच्या सगळ्या चालू गोळ्यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि नवीन काही घेताना दाखवा. चांगला फार्मासिस्ट तो बघून थांबेल. आणि ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आणि चिठ्ठीची सूचना छापलेली असते ती गोळी चिठ्ठीशिवाय मागूही नका. नाही दिली तर पेशंट शेजारच्या दुकानात जातो हे मला माहीत आहे. तरी मी देत नाही.

पैशाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात हेच घटक पुष्कळ कमी किमतीत मिळतात. तिथं नावाऐवजी घटकच छापलेला असतो, त्यामुळं घोळही कमी होतो.

तुळशीमाळ

डॉक्टरांनी उन्हाळ्याचं लिहिलं म्हणून आठवलं. आषाढीला आमचं मंडळ वेळापूर ते वाखरी या टप्प्यात वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला असतं. सत्तरीच्या मावश्या, काका. कमरेच्या पिशवीत गोळ्यांची पुडी. पालखी निघायच्या आधी पहाटे चहाबरोबर एक टाकतात, दुपारी एक टाकतात. विचारलं तर म्हणतात, माउली चालवतात बाळा, गोळी फक्त गुडघ्याला समजावते.

त्यातल्या बायका पाणी पीत नाहीत. वाटेत आडोसा नाही म्हणून मुद्दाम पीत नाहीत. हे मी स्वतः पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकलंय. आणि एकादशीला तर निर्जळी करणारेही असतात. त्या दिवशी गोळी चालू ठेवायची का? आम्ही सेवेकऱ्यांनी नेमकं काय सांगावं?

सातरस्ता_फिजिशियन

हा प्रश्न तुम्ही विचारलात याबद्दल मनापासून आभार. वारीच्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्यांत हे प्रमाण खरंच दिसतं.

निर्जळी असेल तर त्या दिवशी ही गोळी अजिबात नको. उपवासाला साबुदाणा, वरी, ताक, पाणी चालत असेल आणि मूत्रपिंड-बीपी-हृदयाचा त्रास नसेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी खाऊन झाल्यावर घेता येते. मात्र जेवणानंतर घेतल्यानं जळजळ कमी होते, अल्सरचा धोका जात नाही.

पाण्याबद्दल: मावश्यांना नुसतं "पाणी प्या" म्हणून भागणार नाही. जिथं फिरती शौचालयं उभी आहेत ती जागा आधी सांगा, मग पाणी द्या. त्या क्रमानं सांगितलं तर पितात.

आणि एक. तळावर "पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शनच द्या" असं मागणारे खूप भेटतात. इंजेक्शननंही जठराचं अस्तर तितकंच कमकुवत होतं. कारण इजा मुख्यतः रक्तातनं होते, गोळी जठराला टेकल्यानं थोडीच होते.

शेंगाचटणी

मला वेगळ्या बाजूनं लिहायचंय. वरच्या सगळ्या चर्चेत अम्माला झीज आहे हे एक्स-रेवरून ठरलेलं आहे. पण "संधिवात" म्हणून गोळ्या खाणाऱ्या प्रत्येकाला झीजच असते असं नाही.

माझं वय ४१. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत. नळ पिळता यायचा नाही, भाकरी थापायला तळवा सपाट व्हायचा नाही. कडक भाकरी करून विकणं हा आमचा घरचा धंदा आहे, त्यामुळं हात हेच भांडवल. दहा-साडेदहा वाजेपर्यंत हात मोकळे व्हायचे आणि मग दिवसभर बरं वाटायचं. दोन्ही हातांची तीच तीच बोटं, बोटांच्या मुळाशी सूज. जवळच्या दवाखान्यात बराच काळ दुखण्याच्या गोळ्याच मिळत राहिल्या. गोळीनं बरं वाटायचं, म्हणून मीही पुढे विचारलं नाही असं नाही, मी विचारत होते, उत्तर "वातावरणामुळं" असं यायचं. शेवटी पुण्यात राहणाऱ्या नणंदेनं संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. रक्ताच्या दोन तपासण्या केल्या, अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर, दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे हा झिजेचा आजार नव्हे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली.

त्या डॉक्टरांनी समजावलेलं वाक्य मी इथं माझ्या शब्दांत देते: वेदनाशामक गोळी दुखणं थांबवते, सांधा कुरतडला जाणं थांबवत नाही. ते थांबवायला वेगळी औषधं लागतात. मला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. मी कॅलेंडरवर मंगळवारला कुंकवाची टिकली लावते. ही गोळी चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून घरात दुसऱ्या कुणालाही ती काढून द्यायला सांगत नाही. दुसऱ्या वारी फॉलिक अ‍ॅसिड. ठरावीक काळानं रक्त आणि लिव्हरची तपासणी. लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलींनी हे औषध घेताना डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगावं, गरोदरपणात ते चालत नाही.

औषध लागू पडायला काही आठवडे गेले. तेवढ्या काळात वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घेतली. आता ती क्वचित लागते. बोटं वाकडी झालेली नाहीत आणि मी भाकरी थापते आहे.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे जात असेल, हाताच्या लहान सांध्यांना सूज असेल, तर पोरींनो, बायांनो, गोळी बदलत बसू नका. रक्त तपासा.

अक्कलकोट_रोड

माझ्या सासऱ्यांना बाजारात एकाकडून जडीबुटीच्या पुड्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी गडी कामावर. आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही. कुणाला हवा असेल तर विचारून सांगतो.

नवीपेठ_मेडिकल

अण्णा, सासऱ्यांच्या काळजीनंच लिहितोय, राग मानू नका. वर्षानुवर्षं धरलेला गुडघा तीन दिवसांत मोकळा झाला तर त्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेलं असण्याची दाट शक्यता आहे. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. लेबल नसलेल्या अशा पुड्यांमध्ये ते सापडल्याची प्रकरणं आहेत. आयुर्वेदाच्या वैद्यांचा यात काही दोष नाही, लेबल लावून, बॅच नंबर टाकून बनवलेल्या औषधाची गोष्ट वेगळी.

सासऱ्यांचा चेहरा गोल व्हायला लागलाय का बघा. भूक वाढली असेल, शुगर वाढली असेल. आणि महत्त्वाचं, बरेच दिवस घेत असतील तर एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, पुडी अचानक तोडली तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते टप्प्याटप्प्यानं उतरवतील.

अक्कलकोट_रोड

चेहरा सुजलाय खरा. आम्हाला वाटलं अंगाला लागलं. उद्याच घेऊन जातो.

किल्लाबाग

एक वेगळी माहिती. गिधाडं जवळजवळ संपली ती याच डायक्लोफेनॅकमुळं. जनावरांना टोचलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचं, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर वेगळं आहे हे मान्य, पण आमच्या गावाकडच्या माळावर लहानपणी दिसणारी गिधाडं आता दिसत नाहीत आणि हे नाव ऐकलं की मला तेच आठवतं.

पायरी_उतरताना

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अम्मांसाठी लिहिते. गुडघ्याच्या झिजेला गोळीच्या आधी जेल लावून बघायचं असतं. डायक्लोफेनॅकचं १ टक्क्याचं जेल एका गुडघ्याला दर वेळी ४ ग्रॅम लागतं. आपल्याकडं करंगळीच्या पेराएवढं लावतात आणि म्हणतात फरक नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन आठवडे नेमानं लावा, मग ठरवा. गोळीच्या मानानं रक्तात फार थोडं उतरतं. तरी मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर हेही डॉक्टरांना विचारूनच. लावल्यावर शेक नको, पट्टी घट्ट बांधणं नको.

व्यायाम एकच सांगते, पण तो रोज. पलंगावर उताणं झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ताठ करून वीतभर उचला, पाच आकडे मोजून खाली ठेवा. दहा वेळा या पायानं, दहा वेळा त्या पायानं. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा ताण तो उचलतो. विड्या वळायच्याच असतील तर पाट किंवा खुर्ची, समोर टेबलावर सूप. मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

कंबरतलाव

माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे, रोज अ‍ॅस्पिरिन ७५ चालू. खांदा दुखतो. यातलं काय चालेल?

सातरस्ता_फिजिशियन

काका, तुम्ही कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवं येतं, म्हणजे तुमचा स्टेंट (रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) सांभाळणारी गोळी निष्प्रभ होऊ शकते. डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब हृदयरुग्णांना टाळतात. याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराचे झटके वाढतात म्हणून २००४ मध्ये जगभरातनं मागं घ्यावं लागलं होतं. सोबत दुसरी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी. खांद्यासाठी सध्या शेक, फिजिओथेरपी आणि पॅरासिटामॉल.

विडीघरकुल

अम्माचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन १.५, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी असिक्लोफेनॅक बंदच ठेवलं, बीपीच्या गोळीतला लघवीचा भाग काढून नुसती टेल्मिसार्टन दिली, पोटॅशियमवर लक्ष ठेवू म्हणाले. दोन आठवड्यांनी परत रक्त. सध्या पॅरासिटामॉल, गुडघ्याला जेलही त्यांना विचारून थोडं. पहिले दिवस अम्मानं फार त्रास काढला, माझ्यावर रागावली. मी तिला रिपोर्ट तेलुगूत वाचून दाखवला. पाय सरळ उचलायचा व्यायाम धाकटी पोरगी करून घेते, ती मोजते आणि अम्मा उचलते.

एक विचारायचं राहिलं. आमच्या गल्लीत सध्या तापाची साथ आहे, सांधे भयंकर दुखतात सगळ्यांचे. लोक हीच असिक्लोफेनॅकची गोळी आणून खातायत. चालतं का?

सातरस्ता_फिजिशियन

नाही. ताप आणि अंगदुखी एकत्र असेल तर डेंगी नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन काहीच नाही. डेंगीत प्लेटलेट्स कमी होतात, त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. रक्ताची तपासणी करून घ्या. चिकनगुनिया निघाला तर ताप गेल्यावरही सांधे कित्येक आठवडे धरून राहतात. त्यासाठी सूज उतरवणारी गोळी नंतर देता येते, पण ती क्रिएटिनिन बघून आणि डेंगी नक्की नाही हे ठरल्यावर. गल्लीत कुणाला ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतनं रक्त आलं किंवा हातपाय गार पडले, तर त्याच रात्री दाखल करा.

नवीपेठ_मेडिकल

विडीघरकुल, तुमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याला डॉक्टरांची ही शेवटची पोस्ट दाखवा. मी माझ्या काउंटरवर छापून लावतोय.